विमानातला बल्ब आणि नाकातली शिट्टी

"बल्ब बदलायला अर्धा तास. फार तर पाऊण. त्यात राग येण्यासारखं आहे काय?"

हे ज्यानं म्हटलं त्याला सगळे शिट्टी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे इतक्या मोठ्यानं, की त्यालाही ते ठाऊक होतं. राग आला की आधी त्याच्या नाकपुड्या फुगत, मग नाकातून कुकरसारखी बारीक शिट्टी निघे, आणि मग झाकण उडे. राग यायला त्याला कारण लागत नसे. राग आधी यायचा, कारण मागाहून धापा टाकत पोचायचं. बुटाची नाडी तुटली तर नाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या जात. चहा गरम असला तर राग चहावर. गार झाला तर ज्यानं त्याला बोलण्यात गुंतवलं त्याच्यावर. बोलण्यात गुंतवणारा माणूस बहुतेक वेळा तो स्वतःच असायचा, पण हे त्याला सांगणार कोण?

अशा माणसाकडे विमान होतं. अख्खं नव्हे, अर्धं. उरलेलं अर्धं त्याच्या साडूचं. चार माणसांचं, एका पंख्याचं, दोघांच्या लग्नांहून जुनं आणि दोघांच्या लग्नांसारखंच डागडुजीवर चाललेलं.

आता साडू म्हणजे काय, ते ज्याला आहे त्यालाच कळतं. भाऊ आपण निवडत नाही, मित्र आपण निवडतो, आणि साडू आपली मेहुणी निवडते. शिट्टीच्या मेहुणीनं निवडलेला साडू स्वभावानं बर्फाची लादी होता. जगात काहीही बिघडलं, पडलं, फुटलं, जळालं, तरी त्याच्या तोंडून दोनच शब्द निघत. "होतं असं." घरात पाणी शिरलं, होतं असं. नोकरी गेली, होतं असं. या दोन शब्दांनी शिट्टीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, तिथून परत तळपायाला जायची, आणि दिवसभर अशा फेऱ्या मारायची.

तर विमान होतं, उडवायचा परवाना होता, पण शिट्टीची बायको त्या विमानात एकदाही बसली नव्हती.

तिचं म्हणणं सरळ होतं. नवरा गाडी चालवताना कसा असतो ते तिनं पाहिलं होतं. पुढचा हळू गेला की तो गाढव, मागचा हॉर्न वाजवतो म्हणून तो माकड, आणि सिग्नल लाल झाला की सिग्नलशी वैयक्तिक भांडण. अशा दोन प्रसंगी ती सिग्नललाच दार उघडून उतरली होती आणि बसनं घरी आली होती. ती म्हणायची, "गाडीतून निदान उतरता तरी येतं. वर कुठे उतरू?"

याला उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की शिट्टीला काय यायचं ते सांगायला नको.

पण खरं सांगायचं तर विमानाचा सगळा खटाटोप त्यानं केला होता तिच्यासाठीच. संध्याकाळी अंधार पडता पडता वर गेलं की खाली शहरातले दिवे एकेक करून लागायला लागतात. आधी मोठे रस्ते, मग गल्ल्या, मग खिडक्या. ते तिला दाखवायचं होतं. त्याऐवजी ते त्यानं आजवर दाखवलं कोणाकोणाला? साडूला, शेजाऱ्याला, आणि एकदा दातांच्या डॉक्टरला, जो वर जाऊन झोपला. दर वेळी दिवे लागले की शिट्टी "बघ!" म्हणत शेजारच्या सीटकडे वळायचा, आणि तिथे भलतंच कोणीतरी तोंड उघडं टाकून बसलेलं असायचं.

शेवटी एका रविवारी बरणीचं झाकण न उघडण्यावरून घरात जो गडगडाट झाला, त्यानंतर बायकोनं अट घातली. एक काम. कुठलंही. तिच्या डोळ्यांसमोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न चिडता. जमलं तर त्याच संध्याकाळी ती विमानात बसेल.

"न चिडता म्हणजे नक्की काय?" शिट्टीनं विचारलं. करार नीट समजून घेतलेला बरा.

"आवाज चढला की मी उतरले," बायको म्हणाली.

त्यानं खूप विचार करून काम निवडलं. विमानाच्या पुढच्या फळीवर वेगाची, उंचीची, दिशेची अशा तबकड्या असतात. त्या अंधारात दिसाव्यात म्हणून प्रत्येकीच्या शेजारी करंगळीच्या नखाएवढा दिवा असतो. त्यातले बरेच गेले होते. ते बदलल्याशिवाय संध्याकाळी उडता येणार नव्हतंच. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. आणि बल्ब बदलणं म्हणजे काय, जुना काढला, नवा लावला!

पुढच्या रविवारी दुपारची जेवणं उरकून तिघं गाडीनं विमानतळावर आली. बायको, साडू आणि तो. गाडी बायकोनं चालवली. त्याच दिवशी परीक्षा, तेव्हा रस्त्यावरच्या गाढवा-माकडांची जोखीम नको, असं दोघांचंही मत पडलं. बायकोनं ठेवणीतले कपडे घातले होते, हे शिट्टीनं पाहिलं आणि आपली कॉलर सरळ केली. हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, दाराशी तिनं घडीची खुर्ची टाकली, मांडीवर पर्स ठेवली आणि परीक्षक बसतात तशी बसली.

हँगरचा मेकॅनिक तिथेच होता. या माणसाचा चेहरा कायम असा, की कोणीतरी आत्ताच त्याचं काहीतरी बिघडवून गेलंय. विमानाला मालकांनी हात लावलेला त्याला खपायचा नाही, पण बल्ब बदलायची मालकांना परवानगी असते, त्यामुळे तो काही करू शकत नव्हता, आणि म्हणूनच जास्त चिडलेला होता. त्यानं कपाटातून बोटभर लांबीची काळी रबरी नळी काढून शिट्टीच्या हातात दिली. बल्ब इतका लहान आणि इतका आत, की बोटं पोचत नाहीत. नळीचं तोंड बल्बवर दाबायचं, बल्ब नळीत अडकतो, ओढून काढायचा. नवाही तसाच बसवायचा.

"फक्त जोरात दाबू नका, साहेब."

"का? दाबलं तर काय होईल?"

"दाबू नका म्हणजे दाबू नका," मेकॅनिक म्हणाला आणि पलीकडच्या विमानाखाली निघून गेला.

नाकपुड्या फुगल्या. शिट्टीनं खुर्चीकडे पाहिलं. बायको पाहत होती. नाकपुड्या खाली बसल्या.

बल्ब साडूनं आणले होते. शिट्टीनं बॅटरीचा मोठा स्विच चालू केला, दिव्यांचा चालू केला, म्हणजे लावला की लगेच कळेल. पहिला बल्ब बसवला. काय उजेड पडला म्हणता! उंचीची तबकडी लग्नाच्या मांडवासारखी झगमगली. शिट्टी हसला. साडू हसला. बायकोनंसुद्धा मान उंचावून पाहिलं. आणि 'फुट्' असा आवाज होऊन बल्ब गेला.

दुसरा लावला. झगमगाट, फुट्. तिसरा लावला, तो दुसऱ्यापेक्षाही सुंदर पेटला आणि दुसऱ्यापेक्षाही लवकर गेला.

शिट्टीनं अगदी हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत, साडूला विचारलं की हे बल्ब त्यानं कुठून आणले. साडू म्हणाला, गाडीचं सामान मिळतं त्या दुकानातून. दिसायला अगदी सारखे होते. पलीकडून विमानाच्या पोटाखालून मेकॅनिकचं हसणं ऐकू आलं. गाडीला बारा व्होल्ट लागतात, या विमानाला चोवीस, ही गोष्ट त्यानं तिथूनच, बाहेर न येता, सगळ्या हँगरला ऐकवली.

"होतं असं," साडू म्हणाला.

नाकातून बारीक सूर निघाला. पण आवाज? आवाज नाही चढला! शिट्टीनं आज एक शोध लावला होता. राग आला की मोठ्यानं ओरडायच्या ऐवजी, दात आवळून, फक्त म्हणायचं: "एक मिनिट." मग मनातल्या मनात साडूच्या कानाखाली वाजवायची, आणि पुढच्या कामाला लागायचं. या दोन शब्दांत त्यानं त्या दुपारी इतका संताप कोंबला, की ते उच्चारताना त्याच्या मानेची शीर नाडीसारखी ताठ व्हायची. पण शब्द बघाल तर साधे, सभ्य, बँकेतल्या माणसासारखे.

मेकॅनिकनं कपाट उघडून बरोबर बल्ब दिले. ते तो असे देत होता, की जणू स्वतःचे दात काढून देतोय. शिट्टी एकेक लावत गेला तसे दिवे लागत गेले. झगमगाट नाही, छान पिवळसर, शहाणा उजेड. कामाला वेग आला. बायकोनं पर्समधून चष्मा काढून घातला. म्हणजे गांभीर्यानं घेतेय!

आणि शेवटचा एक राहिला.

शेवटचा बल्ब फळीच्या अगदी खालच्या कडेला, सुकाणूच्या दांड्यामागे. तिथे पोचायला शिट्टीला सीटवर उलटं पडावं लागलं. डोकं खाली पायांजवळ, पाय वर सीटच्या पाठीवर, एक हात दांड्यात अडकलेला, दुसऱ्यात नळी. सगळं रक्त डोक्यात उतरलं. तिथे राग आधीपासूनच राहत होता, त्याला शेजार मिळाला. नळी लावली, बल्ब बसेना. परत लावली, बसेना. साडूनं वरून वाकून सांगितलं, थोडं डावीकडे. मग सांगितलं, नाही, माझ्या डावीकडे.

शिट्टीनं दात आवळले आणि नळी जोरात दाबली. नुसती दाबली नाही, साडूच्या नरड्यावर दाबावी तशी दाबली.

नळी बाहेर काढून बघतो, तर फळीतल्या छिद्रात बल्ब नाही. नळीच्या तोंडाशीही नाही. हात फिरवला, नाही. मानेखाली, कॉलरमध्ये, कानात बघितलं, नाही. म्हणजे पडला. फळीच्या आतून, खाली, विमानाच्या पोटात कुठेतरी.

तो उठला. ओरडायला तोंड उघडलं, बायको दिसली, तोंड मिटलं. पण हातानं मात्र ती नळी दरवाजातून अशी भिरकावली, की ती हँगरच्या फरशीवर उड्या मारत दूरवर गेली. फेकण्याबद्दल करारात काही नव्हतं.

बायको उठून गेली, नळी उचलली, तिच्याकडे पाहत परत आली. "अहो, ऐकता का, ही नळी..."

"एक मिनिट," शिट्टी म्हणाला. मानेची शीर अशी, की तिच्यावर कपडे वाळत घालावेत.

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, नळी पर्समध्ये टाकली आणि परत खुर्चीत जाऊन बसली.

तोवर मेकॅनिक धावत आला होता. पडला म्हणजे कुठे पडला, त्यानं विचारलं. आत पडला, शिट्टी म्हणाला. पडला तर पडला, दाण्याएवढा तर बल्ब, दुसरा द्या. त्यावर मेकॅनिकनं खिशातून एक लाल पट्टी काढली आणि सुकाणूला बांधली. लाल पट्टी बांधलेलं विमान उडत नाही. विमानात हरवलेली वस्तू सापडल्याशिवाय ते जमिनीवरून हलत नाही, मग तो दाण्याएवढा बल्ब असो नाहीतर टाचणी. खाली सुकाणूच्या तारा असतात, कप्प्या असतात. तिथे एखादा दाणा जाऊन अडकला, तर वर गेल्यावर विमान डावीकडे वळ म्हटलं तरी वळत नाही.

"आणि मग तुम्ही ओरडून उपयोग नाही," मेकॅनिक म्हणाला. "तारांना ऐकू येत नाही."

हे सगळं बायकोनं ऐकलं. विमान वळत नाही, हे तर फारच नीट ऐकलं. शिट्टीला कळलं, की आता बल्ब सापडला नाही तर आजचंच नाही, जन्माचं गेलं.

मेकॅनिकनं ठामपणे जाहीर केलं की बल्ब पायांखालच्या फळीच्या आत आहे. त्याला अनुभव होता. म्हणून पुढच्या सीटा काढल्या. नाही. मग बहुधा मागे घरंगळला असेल, म्हणून मागच्या सीटा काढल्या. गालिचा काढला. गालिच्याखालच्या झाकणांचे स्क्रू काढले, ते ठेवायला डबा मिळेना म्हणून साडूच्या टोपीत ठेवले. साडूनं टोपी उचलून डोक्यावर घातली. मग ते स्क्रू शोधले. होतं असं!

स्क्रू काढायच्या आधी मेकॅनिकनं एकदा विचारलं होतं, की मोठा स्विच बंद केलाय ना. त्यावर शिट्टी दात आवळून म्हणाला की हे विमान त्याचं आहे, बालवाडी नव्हे, कोणता स्विच कधी बंद करायचा ते त्याला कोणी शिकवायला नको. मेकॅनिकच्या जबड्याचं हाड एकदा हललं. तो म्हणाला, बरं. या 'बरं'मध्ये पुढचा सगळा प्रसंग होता, पण तेव्हा कोणाला कळलं नाही.

विमानाच्या पोटातून काय काय निघालं! अर्धी पेन्सिल. बिस्किटाचा एक असा तुकडा, जो आता दगड या सदरात मोडत होता. दातांच्या डॉक्टरचं व्हिजिटिंग कार्ड. आणि साडूचा चष्मा. हा तोच चष्मा, ज्याच्यावर शिट्टी बसला आणि तो फुटला आणि मग पुरावा नाहीसा करायला त्यानं तो फेकून दिला, असं साडूनं अख्ख्या नातेवाइकांत सांगितलं होतं. त्यावरून दोघांच्या बायका एकमेकींशी महिनाभर कामापुरत्या बोलत होत्या. चष्मा अखंड होता. साडूनं तो पुसला, घातला, आणि म्हणाला की आता बरंच स्पष्ट दिसतंय.

"माफी?" शिट्टी कुजबुजला.

"होतं असं."

तो क्षण वाईट होता. शिट्टीच्या नाकातून आता सलग सूर निघत होता. हातात पाना होता आणि समोर साडूचं टक्कल होतं, टोपी स्क्रूंसाठी गेल्यामुळे उघडं. नियतीनं इतकं सोपं कधी करून दिलं नव्हतं.

तेवढ्यात बायकोनं खुर्चीतून मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. "अहो, त्या तबकड्यांच्या फळीतून काहीतरी घूं घूं वाजतंय. मघापासून वाजतंय."

"ते यांचं नाक, ताई," साडू म्हणाला.

बायकोनं क्षणभर ऐकलं. घूं घूं होती आणि शिट्टीही होती. तिनं परत तोंड उघडलं.

"एक मिनिट!" शिट्टी म्हणाला. हा थोडा चढलाच. बायकोची भुवई वर गेली. शिट्टीनं तो शब्द तसाच परत खाली आणला, "...गं," असं शेपूट लावून गोड केला, पाना खाली ठेवला आणि चालत हँगरच्या मागे गेला.

तिथे तेलाचं एक रिकामं पिंप होतं. त्यानं त्यात डोकं घातलं, खांद्यापर्यंत. आणि मग बल्ब, नळी, चोवीस व्होल्ट, साडू, साडूची टोपी, साडूचा चष्मा, मेकॅनिक, मेकॅनिकचं हसणं, तारा, कप्प्या, आणि विमानाचा शोध लावणारा तो जो कोण शहाणा असेल तो, अशा एकेकाचा त्यानं सविस्तर समाचार घेतला. पिंप इतकं घुमलं की धावपट्टीच्या टोकाशी चरणारे पक्षी उडाले. आत हँगरमध्ये तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेकॅनिक म्हणाला, हा आवाज चढलेला धरायचा का. बायकोनं थोडा विचार केला आणि सांगितलं की पिंपातलं पिंपात.

शिट्टी परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर पिंपाच्या कडेचा गोल उमटला होता. राग संपला होता. राग संपल्यावर मागे जे उरतं, ते त्याला फारसं कधी भेटलं नव्हतं, आणि आता ते सगळं एकदम भेटायला आलं. विमान पोट फाडलेल्या माशासारखं पडलं होतं. चार सीटा फरशीवर एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या होत्या. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. तो बायकोसमोर जाऊन एका सीटवरच बसला. हँगरच्या मध्यभागी, विमानाशिवाय.

"नाही सापडला," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. "तुला दिवे दाखवायचे होते गं. बस, एवढंच होतं."

बायकोनं मांडीवरची पर्स सरळ केली. मग तिनं विचारलं, "झालं का?"

"काय?"

"एक मिनिट. तुम्ही मघाशी एक मिनिट म्हणालात. मी ते संपायची वाट बघतेय."

तिनं पर्स उघडली, काळी नळी काढली, तिचं एक टोक ओठांना लावलं आणि हलकीच फुंकर मारली. दुसऱ्या टोकातून बल्ब निघाला, सीटवर टप्प करून पडला, आणि शिट्टीच्या मांडीशी येऊन थांबला.

जोरात दाबलं की बल्ब छिद्रात जात नाही, नळीत आत सरकतो. म्हणून जोरात दाबायचं नव्हतं. म्हणजे कळसा पर्समध्ये आणि वळसा अख्ख्या विमानाला!

तिघांनी श्वास रोखला. मेकॅनिक दोन पावलं मागे सरकला. शिट्टीनं बल्बकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. नाकपुड्या हलल्या. आणि शांत झाल्या. पिंप रिकामं झालं होतं ते झालंच होतं. तो हसायला लागला. बायकोही हसली, आणि या दोघांना हँगरमध्ये समोरासमोर बसून हसताना पाहून मेकॅनिकसुद्धा चुकून हसला, आणि लगेच सावरला.

मग काय विचारता! चौघं कामाला लागले. शेवटचा बल्ब बायकोनंच बसवला, हळूच, पहिल्याच झटक्यात. झाकणं बसली, गालिचा बसला, सीटा बसल्या. साडूच्या टोपीतला शेवटचा स्क्रू जागेवर गेला तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती, हवी तशी, ना उजेड ना अंधार. मेकॅनिकनं लाल पट्टी सोडली. विमान ढकलून बाहेर आणलं. आणि बायको ठेवणीच्या कपड्यांची सुरकुती नीट करून, पर्स घेऊन, विमानात चढली. शेजारच्या सीटवर. तिथे एकदा दातांचा डॉक्टर घोरला होता, त्या सीटवर!

शिट्टीनं दार लावलं. पट्टा तिचा तिनं लावला तरी त्यानं परत तपासला. पुढच्या तबकड्या मंद, अगदी मंद, केशरी उजेडात तेवत होत्या.

"किती छान," बायको म्हणाली. "किती मंद ठेवलेत. डोळ्यांना त्रास नाही."

"मुद्दामच," शिट्टी म्हणाला. हे खोटं होतं, पण त्यालाही तो उजेड फार आवडला होता. आणखी मंद होत गेला तसा आणखी आवडला. त्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, आणि चावी फिरवली.

टक्.

पंखा अर्धा इंच हलला आणि थांबला. दिवे विझले. तबकड्या गेल्या. आणि दुपारपासून चाललेली ती घूं घूं खाली खाली उतरत शांत झाली. ती शांत झाल्यावरच कळलं, की ती होती. आणि नाक तर केव्हाचं गप्प होतं.

बॅटरी. दुपारी पहिला बल्ब लावताना चालू केलेला मोठा स्विच बंद कोणी केलाच नव्हता. फळीत दिशेच्या तबकडीमागे घूं घूं करणारं यंत्र आणि सगळे दिवे मिळून त्यांनी दुपारभर बॅटरी चोखून काढली होती, थेंबाथेंबानं.

बाहेर अंधारात मेकॅनिक उभा होता. "मी विचारलं होतं," तो म्हणाला. बस, तेवढंच.

"होतं असं," त्याच्या शेजारून साडू म्हणाला.

सगळे शिट्टीच्या नाकाकडे कान लावून बसले. पण स्फोट झाला तो शेजारच्या सीटवर.

"काय होतं असं?" बायको कडाडली. दार उघडलं, अंधारात बोट बाहेर काढलं, आणि ते बोट साडूवर रोखलं. "काय होतं असं, भाऊजी? चुकीचे बल्ब आणता, होतं असं? खोटंनाटं सांगून माझ्या सख्ख्या बहिणीला माझ्याशी अबोला धरायला लावता, होतं असं? आणि तुम्ही, मेकॅनिक! जोरात दाबू नका, का ते सांगायला जीभ झिजली असती? विचारलं होतं म्हणे! मीसुद्धा विचारलं होतं! घूं घूं वाजतंय म्हटलं, तर म्हणे नाक! नाक काय अशी घूं घूं करतं? ठेवणीचे कपडे घालून दुपारपासून लोखंडी खुर्चीत बसलेय, एक दिवा बघायला मिळतोय का, एक?"

आवाज धावपट्टीवरून गेला, पलीकडच्या कुंपणाला लागला आणि परत आला. पक्षी परत उडाले. साडूच्या तोंडातून, त्याला ओळखणाऱ्या कोणीही कधी ऐकलं नव्हतं असं काहीतरी निघालं: "माफ करा, ताई." मेकॅनिकनं टोपी काढून हातात धरली.

आणि शिट्टी? शिट्टी सीटवर मागे टेकून बसला होता. इतका शांत, की स्वतःलाच नवल वाटत होतं. त्याला आयुष्यात प्रथमच ही बाजू मिळाली होती. आता इथे शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण इतक्या वर्षांनी हातात आलेलं एवढं सुंदर वाक्य कोणाला सोडवतं?

"अगं, शांत हो," तो गोड आवाजात म्हणाला. "आवाज चढवून कसं चालेल? न चिडता बसणार असशील, तर उद्या नेईन."

बायको थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टा सोडला, पर्स खांद्याला लावली, आणि आवाज एकदम नेहमीचा, घरातला केला.

"बरोबर आहे तुमचं. आवाज चढला की उतरायचं, असंच ठरलं होतं. चढला. उतरते."

आणि उतरली. अंधारात तिची पावलं हँगरच्या कडेनं गेली, मग गाडीचं दार वाजलं. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. मागचे लाल दिवे फाटकापर्यंत दिसले, मग वळणाला गेले. सगळ्या दिवसात शेवटपर्यंत टिकलेले तेवढे दोनच दिवे.

विमानात शिट्टी, विमानाखाली साडू. घर लांब, बसचा थांबा फाटकाबाहेरून बराच पुढे, आणि मेकॅनिकची सायकल एकाच माणसाची. ती त्यानं आधीच हातात धरली होती.

"होतं..." साडूनं सुरुवात केली.

"एक मिनिट," शिट्टी म्हणाला.